लाँचच्या बुडाचा रंग

आत्याबाई, काल आपला रंग लावलेलं जहाज समुद्रात उतरलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे आधी तुम्हाला सांगावं असं तुमच्या सुनेला वाटतंय. जहाजाचं पाण्याखाली राहणारं सगळं बूड आपल्या सारोळ्याच्या कारखान्यातल्या रंगाचं, विटकरी तांबडं. गोदीतल्या साहेबांनी नारळ माझ्या हातात दिला.

भोंगवलीच्या गोठ्यात मी लोखंडाला गंज न चढू देणारा रंग करायला बसले, तेव्हा तुम्ही म्हशी पडवीत हलवल्या होत्या. आठवड्याभरात भावकी ओट्यावर येऊन बसली. सून शिकलेली असली म्हणून घरात कारखाना काढायचा का, वासानं डोकं धरतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही चहा ठेवलात आणि म्हणालात, "चुलीचा धूर आमी जलमभर गिळला, त्याचा वास कुणाला आला न्हाई. ह्यो रंगाचा येतोय तर येऊ द्या." भावकी चहा पिऊन उठली.

पण रंग पाण्यात टिकतो का, हे बघायला मला कोण लोखंड देणार होतं? तुमचं माहेर धरणापल्याड, वेल्ह्याच्या अंगाला. तिथं नेणारी जुनी लोखंडी लाँच उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावर ओढून ठेवलेली असायची. तुम्ही लाँचवाल्याला गळ घातलीत आणि मी तिच्या बुडाला रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात लाँच वर काढली, तर रंगाचे पापुद्रे लोंबत होते. लाँचवाला माणसांसमोर तुम्हाला म्हणाला, "ताई, तुमच्या शब्दावर दिली व्हती म्या लाँच." तुम्ही मान खाली घातलीत. तुमची मान खाली गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली. परतताना एसटीत मी भोरपर्यंत रडत होते. स्टँडवर उतरल्यावर म्हणालात, "रडून झालं का? मग काय चुकलं ते हुडीक."

चूक रंगात नव्हती. खालचा गंज मी नीट काढलाच नव्हता, आणि ओलसर पत्र्यावर हात मारला होता. लाँचवाल्याकडे पुन्हा तोंड घेऊन तुम्हीच गेलात. मग भर उन्हात आपण दोघींनी तारेच्या ब्रशनं ती लाँच घासली. तुम्ही काष्टा खोचून चिखलात बसला होतात, पत्रा चांदीसारखा निघेपर्यंत उठला नाहीत. मगच मी कोरड्या पत्र्यावर पुन्हा रंग दिला. वर्षानं लाँच बाहेर आली तेव्हा लाँचवाला बुडाखाली वाकून हात फिरवत राहिला. "यंदा कुठं डाग न्हाई," म्हणाला. काठावर बसलेल्या तुमच्या माहेरच्या बायकांना तुम्ही सांगितलंत, "माज्या सुनंनं केलाय." एवढंच, आणि पदरानं तोंड पुसलंत.

आज वेल्ह्याच्या खेड्यांतल्या पोरी आपल्या कारखान्याच्या गाडीनं कामाला येतात, रंगाची प्रत तपासतात, मला उलट प्रश्न विचारतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो. हे लिहिलेलं आता टेबलाच्या खणात ठेवीन, दुसरीकडं पाठवायचं तरी कुठं.

एक मात्र कबूल करते. लाँचमधून जाताना मी तुमचा पदर घट्ट धरून बसायचे आणि सून किती जीव लावते, असं तुम्ही माहेरी सांगायचात. जीव होताच, आत्याबाई, पण मला पाण्याची भीतीही वाटायची. काल गोदीच्या कडेला तशीच वाटली, आणि माझा हात आपसूक शेजारी गेला.