कोरम पूर्ण

२ जुलै २००७, सोमवार. सकाळी

आजपासून मी प्रभारी प्राचार्य. मातोश्री पुतळाबाई कम्युनिटी कॉलेज, शिवमंदिर रोड, अंबरनाथ पूर्व. आधीचे प्राचार्य पनवेलला गेले. जाताना माझा हात धरून म्हणाले, राऊळ, सुटलो. एवढ्या भावना मी त्यांच्यात कधी पाहिल्या नव्हत्या.

संस्थेचे अध्यक्ष हिरामणशेठ भोईर यांचा फोन आला. पुतळाबाई म्हणजे त्यांच्या आई, बिल्डिंगही त्यांचीच. खाली टाइल्सचं दुकान, वर आम्ही. शेठ म्हणाले, मास्तर, सध्या तुमी बगा. घरी सांगितलं तर अंजनीने भाजी निवडता निवडता विचारलं, 'सध्या' म्हणाले का? मी म्हटलं, मोठी माणसं फोनवर पूर्ण बोलत नाहीत.

संकल्प: रोज डायरी. दर सोमवारी नोटीस बोर्डावर ऑपरेशनल अपडेट. दर महिन्याला गव्हर्निंग कौन्सिलची मीटिंग, नियमाप्रमाणे, कोरमसह. आधीच्या प्राचार्यांनी ती कधी भरवलीच नाही. तिथंच सगळं बिघडलं. चहाही कमी करणार.

९ जुलै, सोमवार

पहिला अपडेट लावला. 'सर्व कोर्सेस सुरळीत चालू असून पाण्याच्या टाकीबाबत सकारात्मक चर्चा सुरू आहे.' हाताने लिहिला, लोडशेडिंग होतं. दुपारी बघतो तर त्यावरच कुणीतरी 'मोरिवलीत वन आरके भाड्याने, पाणी भरपूर' अशी चिठ्ठी चिकटवलेली. मुलं घोळक्याने वाचत होती. म्हणजे बोर्ड वाचायची सवय लागतेय.

रोज डायरी जमत नाही. कामाचा व्याप.

१६ जुलै

सहा समित्या स्थापन केल्या. स्टाफ चौघांचा. मी (ऑफिस आणि डीटीपी कोर्स), आरोग्य सहायक कोर्सच्या यशोधरा जाधव मॅडम, फ्रिज-एसी रिपेअरिंगचे चौधरी सर आणि शिपाई रामभाऊ. त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येक समितीत. रामभाऊंना तक्रार निवारण समितीत घेतल्याबरोबर त्यांनी संडासात पाणी नसल्याची तक्रार केली. समजावलं की तुम्ही आता निवारणाच्या बाजूला आहात.

जाधव मॅडमनी विचारलं, सगळे समितीत बसल्यावर वर्गात कोण जाणार? बदलाला विरोध व्हायचाच.

२७ जुलै, शुक्रवार

गव्हर्निंग कौन्सिलची पहिली मीटिंग. मेंबर नऊ, कोरम पाचाचा. हजर: मी आणि जाधव मॅडम. शेठ बदलापूरला साखरपुड्याला. बाकीचे मेंबर शेठचेच नातेवाईक, म्हणजे तेही साखरपुड्याला. मीटिंग तहकूब. तहकूब होण्यासाठीसुद्धा आधी मीटिंग बोलवावी लागते, हे कोणी लक्षात घेत नाही.

उठताना मॅडमनी एक कागद पुढे केला. त्यांच्या मुलींना दिवाळीनंतर हॉस्पिटलमध्ये प्रॅक्टिकल करावं लागतं, नाहीतर विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही. उल्हासनगर कॅम्प चारचे डॉ. तेजवाणी मुलींना आपल्या नर्सिंग होममध्ये घ्यायला तयार आहेत. त्यांना लेटरहेडवर चार ओळी हव्यात, खाली प्राचार्यांची सही-शिक्का. बस.

मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. म्हटलं, मॅडम, एवढ्या मोठ्या संस्थेशी आपण चिठ्ठ्याचपाट्यांवर संबंध ठेवायचे? रीतसर एमओयू, म्हणजे सामंजस्य करार करू. कौन्सिलची मंजुरी घेऊ, शेठच्या हस्ते सह्या, फोटो, पेपरात बातमी. मॅडम म्हणाल्या, सर, वीस खाटांचं आहे ते. मी म्हटलं, प्रश्न खाटांचा नाही, गव्हर्नन्सचा आहे. त्यांनी कागद उचलून पर्समध्ये ठेवला. पटलं असावं.

३१ ऑगस्ट

मीटिंग तहकूब. शेठच्या चुलत्याचं तेरावं.

चौधरी सर मस्कतला चालले. त्यांच्या पोरांना मोरिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीने हेल्पर म्हणून उचललं. कोर्स अर्धवट सोडून गेली सगळी. अपडेटमध्ये लिहिलं, 'फ्रिज-एसी विभागाचे शंभर टक्के प्लेसमेंट. विभागप्रमुखांना परदेशात संधी.' रामभाऊंनी विचारलं, मग विभागाला कुलूप लावू का? मी म्हटलं, लावा, पण किल्ली समोर टांगा. बंद झाल्यासारखं दिसू नये.

२८ सप्टेंबर

मीटिंग झाली नाही. गणपती संपले तरी शेठ विसर्जनाच्या मूडमध्येच आहेत. फोनवर म्हणाले, मास्तर, तुमी लय मीटिंगा लावता बा.

एमओयूचा मसुदा चालू आहे. प्रस्तावना झाली. प्रस्तावनेत आरोग्य ही संकल्पना स्पष्ट केली आहे. मॅडम दोनदा विचारून गेल्या. दुसऱ्यांदा चार ओळींचं पत्र स्वतः टाईप करूनच आणलं होतं. त्यात 'सदर' हा शब्द दोन वेळा आला होता. परत पाठवलं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

कौन्सिलवर, मताधिकाराशिवाय, एक विद्यार्थी प्रतिनिधी असावा, ही माझी कल्पना. आरोग्य सहायकची पायल सोनवणे हिची नेमणूक केली. चुणचुणीत मुलगी आहे. वडिलांची कंपनी बंद पडली. ती कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. जाधव मॅडम घरी जाऊन वडिलांशी बोलल्या तेव्हा ते काम सोडून इथं आली. इंजेक्शन सगळ्यांत चांगलं तीच देते म्हणे. सध्या संत्र्याला.

आज आम्ही तिघंच होतो, मी, मॅडम आणि पायल. कोरम नाही. पायलने हात वर करून विचारलं, सर, आम्ही हॉस्पिटलला कधी जाणार? प्रश्न अजेंड्यावर नव्हता, तरी उत्तर दिलं. प्रोसेस चालू आहे म्हणून सांगितलं. तिने वहीत 'प्रोसेस' लिहून घेतलं. अशा मुलांकडे पाहून काम करायला बळ येतं.

२० नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी

एमओयू तयार. बारा पानी. स्पायरल बायंडिंग. कौन्सिलच्या मंजुरीसाठी थांबलो असतो, पण मॅडमचा चेहरा बघवेना. मनाचा मोठेपणा दाखवून स्वतःच कॅम्प चारला गेलो.

डॉ. तेजवाणींनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि हातात ठेवूनच म्हणाले, साईं, ये क्या है? मी समजावलं. ते म्हणाले, आपकी मॅडम दो-तीन बार आयी थी, मैं दिवाली तक रुका। दिवाळीनंतर त्यांनी दुसऱ्या इन्स्टिट्यूटच्या मुली घेतल्या. समोर वॉर्डात निळ्या एप्रनमधल्या मुली दिसत होत्या, एक जण म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर बघत होती. डॉक्टरांनी चहा पाजला. चार लाईन का लेटर चाहिये था बस, असं दोन वेळा म्हणाले. माणूस चांगला आहे, पण संस्थात्मक दृष्टी नाही.

मॅडमना सांगितलं. त्यांनी वही काढून दुसऱ्या हॉस्पिटलांची नावं लिहायला घेतली. मी म्हटलं, मसुदा वाया जाणार नाही, दुसऱ्या हॉस्पिटलला नाव बदलून चालेल.

१४ डिसेंबर, शुक्रवार. पुणे

'शिक्षणसंस्थांमध्ये सुशासन' या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा. जेवण उत्तम. 'निर्णय वेळेवर घेण्याचे महत्त्व' हे सत्र विशेष आवडलं. भरपूर नोट्स काढल्या. कॉलेजचा शिक्का आणि लेटरहेड सोबत आणलं आहे, मागे गैरवापर नको.

दुपारपासून मॅडमचे मोबाईलवर पंधरा-वीस मिस्ड कॉल. सत्र चालू होतं.

१५ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी

झालं ते असं. मॅडमनी सुट्ट्या टाकून बदलापूरपासून कल्याणपर्यंत हॉस्पिटलं पालथी घातली. बदलापूरला एक जण तयार झाले. त्यांना कालच्या काल पत्र हवं होतं, कारण सोमवारपासून बॅच बसवायची होती. शिक्का पुण्यात. मॅडमनी डॉक्टरांना सोमवारपर्यंत थांबा म्हणून विनवलं. त्यांनी जागा भरून टाकल्या.

फोनवर मी म्हटलं, मॅडम, आधी सांगितलं असतंत तर शिक्का ठेवून गेलो असतो. त्या म्हणाल्या, आधी मलाच माहीत नव्हतं, सर. मग चूक कोणाचीच नाही. तसं त्यांना सांगितलंही.

१८ जानेवारी २००८

विद्यापीठाचं पत्र. आरोग्य सहायकच्या मुली प्रॅक्टिकलअभावी परीक्षेस अपात्र. विनंती अर्ज केला. पुन्हा तेच पत्र आलं, फक्त तारीख नवीन.

मॅडमनी मुलींना वर्गात बसवून सांगितलं. मी बाहेर उभा होतो. आरडाओरडा होईल वाटलं होतं. काहीच झालं नाही. पायलने फक्त विचारलं, एप्रन परत द्यायचा का? मॅडम म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडे. मग पायलने तो नीट घडी करून पिशवीत ठेवला, आणि तेव्हा मॅडमच उठून बाहेर आल्या. माझ्या बाजूने गेल्या.

या सोमवारचा अपडेट लावला नाही. लोडशेडिंग.

३१ जानेवारी, गुरुवार

जाधव मॅडमचा आज शेवटचा दिवस. कल्याणला एका इन्स्टिट्यूटमध्ये लागल्या. मी निरोप समारंभ ठेवला. मी, रामभाऊ आणि डीटीपीचा एक विद्यार्थी. भाषणात मी त्यांच्या सहकार्याचा उल्लेख केला. निघताना दारात थांबून म्हणाल्या, सर, तुम्ही वाईट माणूस नाही, हीच अडचण आहे.

जाता जाता का होईना, मान्य केलं.

अंजनीला सांगितलं. तिने विचारलं, पुढचं पण बोलल्या ना त्या? मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

६ मार्च, गुरुवार

आज मीटिंग ठेवली होती. सगळे मेंबर अंबरनाथमध्ये नक्की असतील असा एकच दिवस सापडला. महाशिवरात्र आहे हे लक्षात होतं, म्हणूनच ठेवली. आमच्या रोडवर पहाटेपासून बॅरिकेड. गर्दीतून रेटत कॉलेजपर्यंत पोचलो तर जिन्यावर भाविक बसलेले, वर जाता येईना. एक बाई म्हणाल्या, लाईन मागे आहे. मी म्हटलं, मी प्राचार्य आहे. त्या म्हणाल्या, असाल, पण लाईन मागे आहे.

शेठ समोरच्या मंडपात साबुदाण्याची खिचडी वाटत होते. बाकी मेंबर पण तिथेच. मोजले, माझ्यासकट आठ होते. मॅडमची रिकामी जागा सोडली तर पूर्ण कौन्सिल! शेठना म्हटलं, इथंच घेऊ मीटिंग, कोरम आहे. त्यांनी माझ्या हातात खिचडीचा द्रोण दिला. म्हणाले, मास्तर, खा आधी. एक मीटिंग मीच लावतो आता.

शेठनी स्वतः मीटिंग लावायचं म्हणणं, हा माझ्या कामाचा परिणाम आहे. वर्षभर लावून धरल्याचं फळ.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी

सकाळी अंजनीने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. मला प्राचार्यपदी कायम करायचा विषय असणार, असं मी तिला म्हटलं होतं.

अकरा वाजता सगळे हजर. मॅडमच्या जागी शेठचा पुतण्या अक्षय. नऊपैकी नऊ. रामभाऊंना खुर्च्या कमी पडल्या. मी उभा राहून मोठ्याने सांगितलं, कोरम पूर्ण आहे.

शेठनी विषय मांडला. कॉलेज बंद करायचं. मजल्याचा एसी हॉल करायचा, बारशी, साखरपुडे, हळदी. अंबरनाथात या बाजूला हॉल नाही. कॉलेजात शिकायला कोणी नाही आणि शिकवायला कोणी नाही, आईचं नाव हॉलला देऊ, असं ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले. डोळे पुसलेही.

ठराव मांडला अक्षयने. मग अनुमोदन कोण देणार? सगळे समोशाच्या पुडीकडे बघत होते. एवढी पहिलीवहिली, पूर्ण कोरमची मीटिंग अनुमोदनासाठी अडून बसलेली मला बघवेना. मी हात वर केला.

एकमताने मंजूर. आभारप्रदर्शन मीच केलं.

सगळे उठल्यावर शेठना विचारलं, माझं काय? हॉल मॅनेजर म्हणून अक्षय बघणार होता. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मास्तर, तुमी लय शिकलेले, तुमाला कुटं बी मिलंल. एक समोसा कागदात बांधून दिला.

घरी अंजनीने दार उघडलं. शर्टाकडे बघितलं. पाणी आणून दिलं.

१४ एप्रिल

तीन ठिकाणी अर्ज करायचे आहेत. बायोडेटा दोन पानांचा होता, तो वाढवतो आहे.

१४ मे, बुधवार

अंजनीने पडद्याचं कापड आणायला कॅम्प पाचला पाठवलं. एका गाळ्याच्या पायरीवर बायका जीन्सचे ढीग मांडीवर घेऊन धागे कापत बसल्या होत्या. त्यांतली एक उठून उभी राहिली. नमस्ते सर. पायल. बोटं निळी झालेली.

मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाली, पीसवर आहे सर, बरं आहे. जाधव मॅडमचा फोन येतो. पुढच्या वर्षी कल्याणला ये, म्हणतात. पण सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि पप्पा म्हणतात, आता बस झालं. मी म्हटलं, विद्यापीठाशी माझा पत्रव्यवहार चालू आहे. तो चालू नाही. ती हो म्हणाली. आतून माझ्यासाठी स्टूल घेऊन आली. मी बसलो नाही.

तिने विचारलं, सर, तुम्ही आता कुठे असता? कन्सल्टन्सी करतो, असं सांगायचं ठरवलेलं होतं, बऱ्याच जणांना तसंच सांगितलं आहे. तोंडातून निघालं, घरीच.

वळून चार पावलं गेलो असेन. शेजारच्या बाईने तिला विचारलं, कोण गं हे? पायल म्हणाली, आमच्या मॅडमच्या ऑफिसात होते.

रस्त्यावर रिक्षांचा खूप गोंगाट होता. तरी नीट ऐकू आलं.