पोचल्याचा निरोप

आई, तू घाट कधी पाहिला नाहीस. सोलापुरात राहून घाट कुठून दिसणार. आपल्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल, आणि त्यावरसुद्धा तू मला सायकलवरून उतरून, ती हातात धरून न्यायला लावायचीस. मीही घाट पाहिला तो या वयात, सायकलवाल्यांच्या मागं टेम्पोत बसून. त्याचं तुला सांगायचं मनात होतं. आज घरात दुसरं कुणी नाही, गॅस बंद आहे हे मी दोनदा बघून आलोय, म्हणून लिहायला बसलोय. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, अक्षर तसंच आहे, पण तुला ते कधी वाचता आलं नाही, त्यामुळं काळजी नाही.

तुझी नात म्हणावी तर पणती, माझ्या मुलाची मुलगी, कॉलेजात आहे आणि सायकल चालवते. तू म्हणशील, त्यात काय. तशी नाही. ही पहाटे उठून मोहोळला जाते आणि कॉलेजच्या वेळेला परत येते, कामासाठी नाही, नुसतीच. चाकं बोटाएवढी बारीक, हँडल बकऱ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, मडगार्ड नाही, घंटी नाही, मागं कॅरिअर नाही. सायकल पहिल्यांदा घरात आली तेव्हा मी म्हणालो, हिला स्टँड पण नाही, ही उभी कशी राहणार. ती म्हणाली, "आबा, ही उभी राहायला घेतलीच न्हाय."

दिवाळीनंतर तिच्या सायकलच्या ग्रुपचं शिबिर निघालं, वाईला. तिथं मुक्काम करायचा आणि रोज पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचं, उतरायचं, परत चढायचं. शिबिरात जी टिकतील त्यांच्यातून जिल्ह्याच्या संघासाठी निवड व्हायची होती, आणि तिला त्या संघात जायचंच होतं. माझा मुलगा नको म्हणाला. तो माझ्यावर गेलाय. मुलगी रस्त्याच्या पलीकडं दूध आणायला गेली तरी तो खिडकीत उभा असतो. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी सून म्हणाली, "आबांना पाठवा की संगट. त्यांच्याइतकी काळजी करनारं दुसरं कोन हाय घरात?" मग मुलानं अट घातली. मी सोबत जायचं, ती जिथं जिथं पोचेल तिथून फोन करायचा, आणि काही कमी-जास्त झालं तर परत आल्यावर सायकल विकून टाकायची. तिनं कबूल केलं. मला कुणी विचारलंच नाही.

पोचल्याचा फोन म्हटल्यावर तुझी आठवण न येऊन कसं चालेल. मी मोहोळला इंजिन दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, सोमवारी सायकलवर जायचो, शनिवारी परत यायचो. तेव्हा फोन कुठले. तू नियम केला होतास की मोहोळला पोचलो की दुकानात जायच्या आधी एसटी स्टँडवर जायचं आणि सोलापूरच्या गाडीच्या कंडक्टरला सांगायचं, पोचलो म्हणून निरोप द्या. तू विड्यांचं सूप शेजारणीकडं ठेवून भवानी पेठेतून पुणे नाक्यापर्यंत चालत यायचीस आणि गाडी तिथं हळू झाली की कंडक्टर दारातून ओरडायचा, "मावशी, पोचला तुमचा." मग तू घरी जाऊन राहिलेल्या विड्या वळायला बसायचीस. दुकानातले मला हसायचे. मालक म्हणायचा, "आलं का रे आईचं पार्सल?" मी तुला एकदा म्हणालो, बास की आता, मी काय लहान हाय का. तू म्हणालीस, "तू न्हाईस लहान. माजं पाय घरात ठरत न्हाईत, त्याला मी काय करू?"

तर मी वाईला गेलो. कडक भाकऱ्यांचा एक डबा, शेंगाची चटणी, हळद, चिकटपट्टी, तिचा जास्तीचा स्वेटर, सगळं घेतलं. मुक्काम एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होता. सगळी मिळून दहा-बारा माणसं असतील, बरीचशी पोरं, आणि एक बँकेत काम करणाऱ्या बाई, पन्नाशीच्या, ज्यांना मी ताई म्हणायचो. शिकवणारे सर साताऱ्याकडचे, अंगानं वाळकेसे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी चढ होता. मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी. मला वाटलं होतं पोरं धापा टाकत उतरतील आणि टेम्पोत बसतील, पण कुणी बसलं नाही. नात घामानं भिजलेली, मान खाली, एका लयीत पाय मारत चाललेली. मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "पाणी पी." ती म्हणाली, "प्यालेय." थोड्या वेळानं मी म्हणालो, "केळं देऊ का?" ती म्हणाली, "आबा, तुमी गप बसला की माजा एक गिअर वाचतोय." ड्रायव्हर इतका हसला की मला त्याला स्टेअरिंगकडं बघ म्हणावं लागलं. वर पोचल्यावर मी मुलाला फोन केला, पोचली. तो म्हणाला, "पडली न्हाय ना?" मी म्हणालो, "चढावर कोण पडतंय?"

मला भीती उताराची होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि ती बोटाएवढी चाकं. सरांनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं की घाटात ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, परत सोडायचा. मला ते पटलं नाही. तू मला शिकवलं होतंस की उताराला ब्रेक हातातून सुटता कामा नये. जेवताना मी नातीला हळूच म्हणालो, "सर कायबी म्हनूंदे, तू ब्रेक धरूनच ये." ती म्हणाली, "आबा, भाकरी वाढा." पण ताई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला पण भीतीच वाटतीय हो आबा." मी म्हणालो, "मग ऐका माझं, अजिबात सोडू नका." त्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचं ऐकणारं कुणीतरी भेटलं म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चढून झाल्यावर सरांनी टेम्पो आधी खाली पाठवला, कारण सगळ्यांची जाकिटं आणि जेवण त्यात होतं. सर स्वतः सगळ्यांच्या मागं राहणार होते. मी खाली घाटाच्या पायथ्याला उभा आहे. पोरं एकेक करून येतायत, गाल लाल, डोळ्यांत पाणी, हसतायत. नात पहिल्या चार-पाचांत यायला हवी होती. ती नाही. मी एका पोराला विचारलं, तो म्हणाला, "माझ्या मागंच होती की. मग नाही बघितलं." सगळी पोरं आली. ती नाही, ताई नाहीत, सर नाहीत. घाटात फोन लागत नाही. एक एसटी उतरली, मी हात केला, ड्रायव्हरला विचारलं, वर सायकलवाली मुलगी दिसली का. तो म्हणाला, "वळणावर कोनतरी बसल्यालं दिसलं बाबा, गाडी थांबवता येत न्हाय तितं." बसलेलं म्हणजे काय, मी विचारेपर्यंत गाडी गेली. मी टेम्पोच्या ड्रायव्हरला म्हणालो, वर चल. तो म्हणाला, सरांनी इथंच थांबायला सांगितलंय, वर अरुंद आहे. आणि तेव्हाच मुलाचा फोन आला.

मी फोन हातात धरून उभा होतो. खरं सांगितलं असतं तर तो तिथूनच निघाला असता, सोलापूर ते वाई, बायकोला रडवत, गाडी नको तशी चालवत. आणि सायकल त्याच दिवशी विकली गेली असती, मग ती सुखरूप असो नाहीतर नसो. त्यानं विचारलं, "पोचली का?" मी म्हणालो, "पोचली." तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. आई, जन्मभर मी लोकांना नसलेल्या संकटांची खबर देत आलो. असलेलं संकट लपवायची ती पहिलीच वेळ, आणि फोन खिशात टाकून मी टेम्पोच्या पायरीवर बसलो.

त्या पायरीवर मला कंडक्टर आठवला. एका सोमवारी मोहोळच्या अलीकडं माझ्या सायकलचं चाक बसलं होतं. रस्त्यावर गुडघे टेकून मी पंक्चर काढलं आणि स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी कंडक्टरला भेटून म्हणालो, काल माझा निरोप राहिला. तो म्हणाला, "राहिला कुटं? म्या दिला. तुजी आई नाक्यावर उबी. न्हाय म्हनलं असतं तर ती तितंच उबी राह्यली असती रातभर." शनिवारी घरी आल्यावर तू माझा पायजमा धुवायला घेतलास आणि म्हणालीस, "गुडघं कशानं काळं झालं?" मी म्हणालो, पंक्चर झालं होतं. "कवा?" सोमवारी. "मग गाडी गावली व्हय तुला?" मी टॉवेल शोधायला लागलो. तू पायजम्याला साबण लावत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं." आणि पुढच्या सोमवारी परत नाक्यावर जाऊन उभी राहिलीस. खोटा निघालेला निरोप ऐकायला बाई परत का गेली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ती आली. आधी ती, मग ताई, मागं सर. तिच्या कोपराला खरचटलेलं, रक्त वाळलेलं. ताईंनी वरपासून खालपर्यंत ब्रेक धरून ठेवला होता. रबर घासून घासून चाकाची रिंग इतकी तापली की आतली ट्यूब फुटली. ताई कडेच्या गवतात पडल्या, थोडक्यावर निभावलं. नात मागं वळून बघायला गेली आणि थांबताना खडीवर घसरली. मग दोघींनी चाक थंड होईपर्यंत वाट पाहिली आणि सरांनी दुसरी ट्यूब घालून दिली. सर माझ्याकडं बघत म्हणाले, "ताईंना कुणीतरी सांगितलं होतं, ब्रेक सोडू नका." ताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो सर, माझंच चुकलं." मी हळदीची पुडी काढली. नात म्हणाली, "आबा, कोपराला लावा, तोंडाला नको. पांढरं पडलंय तुमचं." मग हळू आवाजात म्हणाली, "बाबांना काय सांगितलंत?" मी म्हणालो, पोचली म्हणून. "कधी?" मघाशीच. ती इतकी हसली की हळद सांडली. तिसऱ्या दिवशी ताई उतरल्या तेव्हा दाबत-सोडत उतरल्या, आणि मी जेवताना कुणालाही काही सांगितलं नाही.

सोलापूरला परत आल्यावर मुलानं तिचा कोपर पाहिला. मी बोलायला लागलो, तर तो म्हणाला, "आबा, तुमचा आवाज कापत होता. आणि तुमी पोचली म्हनला तेव्हा मागं सगळ्यांची आरडाओरड ऐकू येत होती, हिची येत नव्हती. मला कळलं होतं." मी म्हणालो, मग तू निघाला का नाहीस. तो ताटाकडं बघत म्हणाला, "तुमी पोचली म्हनला ना. मग मी जेवायला बसलो." सायकल विकायची गोष्ट कुणी काढली नाही. ती संघात आली. सुनेनं शिरा केला.

आज ते सगळे परत घाटात गेलेत. या वेळी मला नेलं नाही, गुडघा दुखतोय असं मीच सांगितलं. मुलगा कामावर, सून बाजारात. मघाशी नातीचा मेसेज आला, घाट उतरून पोचले. सर दुपारच्या जेवणाच्या आधी कुणाला खाली आणत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि अजून माझा दुसरा चहासुद्धा झालेला नाही. वर चढायला लागायच्या आधीच तिनं तो मेसेज पाठवलाय. कुणाकडून शिकली ते वेगळं सांगायला नको. मी उलट लिहिलं, बरं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आई, मी ते तुझ्यासाठीही लिहिलं नाही. हाताला काहीतरी काम असलं की घड्याळाकडं नजर जात नाही, म्हणून लिहिलं. नाक्यावर येताना तू सूप शेजारणीकडं ठेवून यायचीस. रिकाम्या हातांनी गाडी येईपर्यंतचा वेळ तू कसा काढायचीस, कोण जाणे. ती खरोखर खाली यायला अजून वेळ आहे, आणि माझं पान संपलं.