सूनबाईच्या फोनची रेंज

३ मार्च, सोमवार

आधी तब्येती. हिचा गुडघा कसा? — जिन्याशी अबोला धरून बसलाय. चिरंजीवांची कंबर? — खुर्चीत दुखते, सोफ्यावर थांबते, असला सोयीचा आजार! नात भिंगरी? — ठणठणीत, फक्त मान फोनमध्ये अडकलीय. सूनबाई? — "बरी आहे बाबा," म्हणाली. डोळ्यांखाली काळं. दोन घास खाऊन उठली. आणि मी? — दात सोडले तर बाकी सगळं जागेवर.

आता मुद्द्याचं. सूनबाई ऑपरेशन थिएटरमधली नर्स. सुट्टी असली तरी फोन वाजला की उठून पळायचं, अशी ती नोकरी. काल दुपारी हॉस्पिटलमधून बोलावणं आलं, ते तिला मिळालंच नाही. पेशंट टेबलावर ताटकळत. शेवटी दुसऱ्या एका नर्सला जेवणावरून उठवून आणली म्हणे. आज मोठ्या सिस्टरांनी सूनबाईला सगळ्यांदेखत झापलं. मागच्या महिन्यातही एकदा असंच झालं होतं. "रेंज नव्हती," एवढंच म्हणते बिचारी. तिसऱ्यांदा झालं तर घरी बसा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय!

एका भिकार टॉवरपायी सोन्यासारखी नोकरी जाणार? मी काय मेलोय? जन्मभर प्लंबिंग केलं. चौथ्या मजल्यावरच्या टाकीत पाणी चढवलं. सुनेच्या फोनला रेंज चढवता येणार नाही?

५ मार्च, बुधवार

कंपनी बदलायचं ठरलं. बदलायची तर सगळ्यांनीच, म्हणजे फॅमिली पॅक स्वस्तात पडतो — इति चिरंजीव. हे सांगून ते सोफ्यावर आडवे झाले. पुढचं सगळं माझ्या गळ्यात. घरात रिकामा कोण? मी!

जेवताना प्रत्येकाला विचारलं, काय काय हवंय. विचारलं ही चूक झाली.

भिंगरी — "आजोबा, नेट भरपूर. बोलायचं नसलं तरी चालेल, बोलतंय कोण!"

चिरंजीव — मॅच फुकट दिसल्या पाहिजेत.

ही — "माझा नंबर बदलायचा नाही. बहिणीला तेवढा एकच पाठ आहे. आणि फोनवरची ती बाई मला आवडत नाही, मध्येच बोलते."

मी म्हटलं, अगं, ती बाई सगळ्याच कंपन्यांत आहे.

"मग नको बदलायला."

आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सूनबाई? "कुठलीही चालेल बाबा." मान खाली, भात चिवडतेय. कुठलीही चालेल! मुलगी बघायला आलेल्या मुलाने असं म्हटलं असतं तर हाकलून दिलं असतं.

६ मार्च, गुरुवार

आपली सध्याची कंपनी पाटीवर पोपट लावते. तिच्या तक्रार नंबरला फोन लावला. एक दाबा. दाबलं. तीन दाबा. दाबलं. मग पिपाणीसारखं संगीत. मग परत एक दाबा! आम्हालाच दाबत बसले की हो. शेवटी एक खरा माणूस सापडला, तर म्हणतो — "सर, तुमच्या भागात आमची रेंज उत्तम आहे." म्हटलं, मग आमच्या सुनेला का मिळत नाही? "सर, फोन बंद करून चालू करून बघा."

पोपटाने आमचा चांगलाच पोपट केलाय.

८ मार्च, शनिवार

बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. सगळ्या कंपन्यांचं मिळतं तिथे. काउंटरला एक टायवाला. आवाज मधाळ, बोटं भलतीच चपळ.

"काका, हा घ्या. अनलिमिटेड."

"अनलिमिटेड म्हणजे किती?"

"रोज दोन जीबी."

"अरे, मग मर्यादा आलीच की! आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर येतं, त्याला मी चोवीस तास म्हणू का?"

हसला. सवय असणार. पुढे कळलं की फॅमिली पॅक चार माणसांचा. पाचवं माणूस 'ॲड-ऑन', वेगळे पैसे. कुटुंबात चारच माणसं असतात हे कुणी ठरवलं? ह्यांच्या घरातले म्हातारे पोरांची लग्नं लावून परस्पर निघून जातात वाटतं.

घरी येऊन सांगितलं तर भिंगरी — "आजोबा, तुम्ही ॲड-ऑन!" ही इतकी हसली की गुडघा विसरली. हसा, हसा.

सूनबाई नाही हसली. तिचं लक्षच नव्हतं.

९ मार्च, रविवार

आज शास्त्रशुद्ध काम केलं. गळती शोधायची तर एकेक सांधा तपासायचा, ही माझी पद्धत. हिला ओट्यापाशी उभी केली, हातात तिचा फोन. मी माझा घेऊन घरभर. "लाव!" वाजला. बैठकीत वाजला. जिन्याखाली वाजला. न्हाणीघरात दार लावून — वाजला! ही ओरडते, "अहो, मी काय दिवसभर तुम्हालाच फोन लावत बसू? चाळीस वर्षांत कधी एवढं बोललो नाही आपण!"

सूनबाईच्या खोलीत तर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. पोपटच, बरं का. काही कळेना. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचा फोन जुना, दणकट. तो पकडतो. तिचा नाजूक आहे."

म्हणून तिच्याकडे तिचा फोन मागितला. तपासतो म्हटलं. "राहू द्या ना बाबा," म्हणाली आणि छातीशी धरला. हल्लीच्या पोरांचे फोन म्हणजे कुलूपबंद तिजोऱ्या. नाही मागत बाई! पण मग मी रेंज तपासायची कशी? अंतर्ज्ञानाने?

११ मार्च, मंगळवार

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे दुसरी कंपनी आहे, पाटीवर जहाजवाली. म्हणाले, "लिफ्टमध्येसुद्धा लागतो हो." आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पण माणूस खोटं बोलणारा नव्हे.

जहाज नक्की.

१३ मार्च, गुरुवार

टायवाल्याकडे पाच जणांचे कागद दिले. नंबर तेच राहणार, कंपनी नवी. हिचा फोटो कागदावरच्या फोटोशी जुळेना. मशीन म्हणतं, ही ती नव्हेच! ही म्हणाली, "लग्नानंतर असंच होतं." दुकान हसलं. मला घाम फुटला.

मी ॲड-ऑन. शेवटी मीच.

१५ मार्च, शनिवार

झालं एकदाचं! जहाज सुरू. सगळ्यांच्या फोनवर काड्या टच्च.

भिंगरीला सांगून सूनबाईच्या फोनचा आवाज होता नव्हता तेवढा मोठा करून घेतला. आता कॉल चुकणं शक्यच नाही. मग गंमत म्हणून बाहेरच्या खोलीतून मीच तिला लावला. स्वयंपाकघरात केवढ्याने खणखणला! तिच्या हातातलं ताट सुटलं, खाली आपटलं. मी ओरडलो, "बघ! कसा वाजतो!" बघतो तर ती भिंतीला टेकून उभी, ओठ पांढरे. "दचकले," म्हणाली. ताट स्टीलचं म्हणून वाचलं.

मला वाटलं होतं, एकदा तरी म्हणेल — बाबा, बरं झालं. इतके हेलपाटे घातले. नाही म्हणाली. जाऊ दे. तिची नोकरी शाबूत राहिली की आपल्याला पावलं.

१७ मार्च, सोमवार

डोकं फिरायची वेळ आलीय!

आज तिची सुट्टी. दुपारी चहा टाकला आणि माझा फोन वाजला. मोठ्या सिस्टर! सूनबाईने अडीअडचणीला म्हणून माझा नंबर तिकडे देऊन ठेवलाय. "कधीपासून लावतेय. तिचा फोन लागत नाही. कुठे आहे ती?" म्हटलं, घरातच आहे हो, आत्ता देतो.

खोलीचं दार ढकललं. पलंगाच्या कडेला बसलेली. साडी नेसून, केस बांधून, जायला अगदी तयार. फोन मांडीत, काळाठिक्कर. "अगं, सिस्टर लावतायत!" तशी माझ्याकडे बघत राहिली. "रेंज गेली बाबा." माझा फोन घेऊन सिस्टरांना "येते" म्हणाली आणि गेली. चहा तसाच राहिला.

तिसरी वेळ. सिस्टरांनी परवा सकाळी समोर येऊन भेटायला सांगितलंय. म्हणजे काय ते कळतं मला.

आणि जहाज! परवा घेतलेलं जहाज आज बुडालं! थांबा तुम्ही. उद्या दुकान उघडायच्या आधी पायरीवर उभा राहतो.

१८ मार्च, मंगळवार

राहिलो. आणि असं सुनावलं त्या टायवाल्याला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. "तुमच्यामुळे एका गुणी पोरीची नोकरी जातेय! तिकडे माणसं टेबलावर पडलेली असतात, आणि तुम्ही काड्या विकता?" तो आधी काका काका करत होता. मग त्याने तिचा नंबर घेतला, कुठेतरी फोन केला, बराच वेळ हं हं करत ऐकलं. ठेवला आणि हळूच म्हणाला, "काका, रेंज नव्हती असं दिसत नाही. फोन त्या वेळी बंद होता. कुणीतरी बंद केलेला."

काय पण थाप! म्हटलं, "तिच्या पोटापाण्याचा फोन आहे तो! ती का बंद करेल? माल खराब निघाला की गिऱ्हाइकावर ढकलायचं, हे मला शिकवू नको. मीही धंदा केलाय." तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी जिंकलो.

जेवताना सगळं साग्रसंगीत सांगितलं, त्याच्या मधाळ आवाजाची नक्कल करून. "म्हणे, फोन बंद केलेला!" चिरंजीव हसले, ही हसली. भिंगरी म्हणाली, "आजोबा, तुम्ही व्हिडिओ काढायला हवा होता." आता तिसरी कंपनी बघू, मी म्हटलं, पण आपल्या पोरीच्या नावाला बट्टा लागू देणार नाही.

सूनबाई उठली. ताटात पोळी तशीच. मला वाटलं, माझ्या बोलण्याने तिला भरून आलं.

१९ मार्च, बुधवार

चपला घालून दाराशी बसलोय. उत्तर येईस्तोवर हे लिहितोय. सकाळी सूनबाई सिस्टरांना भेटायला म्हणून गेली, आणि आत्ता फोनवर तिचा मजकूर आला. एरवी "दूध आणा"च्या पुढे कधी लिहीत नाही. हा असा —

"बाबा, दुकानातला माणूस खरं बोलला. पोपटाची रेंज होती, जहाजाचीही होती. तिन्ही वेळा फोन मीच बंद केला. वाजला की हात थरथरायला लागतात, थांबत नाहीत. हे हात घेऊन मी टेबलापाशी कशी उभी राहू? तुम्ही काल सगळ्यांसमोर माझी बाजू घेतलीत, तेव्हा तोंडच उघडेना. ह्यांना काही माहीत नाही. हॉस्पिटलबाहेर बाकावर बसले आहे. आत जाववत नाही, घरीही येववत नाही."

भिंगरीला हाक मारली नाही. एकेक अक्षर शोधून मीच लिहिलं —

"बाळा, मी निघालो. मी येईपर्यंत आत जाऊ नकोस. नंतर जायचं वाटलं तर दोघं जाऊ, सिस्टरांना हात दाखवू. नाही वाटलं तर दोघं घरी येऊ. घरात काय सांगायचं ते माझ्यावर सोड. हॉस्पिटलला दारं दोन आहेत. तू कुठल्या दाराशी आहेस, तेवढं लवकर लिही."