सेशन वाढव

२ जून
निपाणीत आलो एकदाचा! दवाखान्याचं सॉफ्टवेअर आता माझ्या ताब्यात. कॅन्टीनची मिसळ झणझणीत, आणि सगळे मला पुण्याचं पाव्हणं म्हणतात. सन्मतीआक्का इथल्या जुन्या प्रोग्रामर, आजच निवृत्त झाल्या. त्यांनी काम समजावलं. पेशंट आला की प्रोग्राम डेटाबेसशी सेशन उघडतो, त्याच्या नोंदीची एक प्रत धरून ठेवतो आणि सेशन असेपर्यंत त्या प्रतीलाच खरं मानतो. जाताना म्हणाल्या, "काम झालं की सेशन वाढवायचं, विसरू नको रं." मी लगेच मुदत वाढवली, अमर्याद. शहाण्याला शब्दाचा मार.

५ जून
सात नंबरच्या खाटेवरच्या लक्ष्मीबाई, बोरगावच्या, सकाळी वारल्या. मी 'मृत' लिहितो, स्क्रीनवर 'जिवंत, नाडी ७२' तसंच. दुपारी त्यांनी डोळे उघडले. त्यांची लेक प्रणिता हिनं पेढे वाटले.

८ जून
ट्रकनं माझी स्कूटर उडवली. डोक्याला मार. आपल्याच दवाखान्यात पेशंट म्हणून नोंद झाली. दुपारी मिनिटभर अंधारी आली, मग एकदम बरं वाटलं. लक्ष्मीबाईंचा वास मात्र सोसवेना. चादर बदलताना पाठीची साल चादरीबरोबर आली. शी.

१० जून
लिहायलाही किळस येते. कानातून अळ्या, आणि नाडी ७२. डॉक्टर म्हणतात, नाडी असताना मृत्यूचा दाखला कसा देऊ. बाई एवढंच म्हणतात, "सोडा मला." प्रणिता आईला भरवताना ओकली, मग त्याचीच लाज वाटून रडली.

११ जून
आक्कांना फोन केला. मुदत वाढवल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरं, दुकान बंद कर म्हणत्यात व्हय? वाढव म्हणत्यात. तसं सेशन बंद कर म्हणालते मी."
म्हणजे सगळं माझ्यामुळं. माझीच किळस येते. सेशन बंद केलं की बाई सुटतील. उद्याच करतो.

१२ जून
बंद करण्याआधी तपासलं. अडकलेल्या 'मृत' नोंदी दोन. एक सात नंबर. दुसरी खाटेजवळच्या नाडी मोजणाऱ्या मॉनिटरनं आपोआप केलेली, ८ जून, दुपारी – नाव माझं. आणि बंद करायचं बटण सगळ्या सेशनांना मिळून एकच.
उशीवर केस. कातडीसकट.
आज नको. आज नको –

१३ जून
प्रणिता आली. आईला सोडवा म्हणत हात जोडले. मग थांबली – माझ्याकडं बघत ओढणी नाकाला –
बटणावर बोट ठेवलंय. तिच्या आईसाठी. दाब –