पट्टा ढिला ठेवा

३ मार्च
आजपासून ऑनलाइन व्हीलचेअर प्रशिक्षण. गेल्या वर्षीच्या अपघातात पाठीचा कणा गेला, कंबरेखालचं सगळं संपावर. डोकं मात्र शाबूत. अर्धं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेल्या माणसाला आता खुर्ची चालवायला शिकवणार म्हणे. चालू द्या.

बायकोची रजा अठरा तारखेला संपते. तिची अट: मी एकट्याने दाराबाहेर पडून दाखवायचं, तरच ती लॅबमध्ये कामाला जाणार. नाहीतर राजीनामा. उंबरठा जेमतेम दोन बोटं उंच. आठवड्यात उरकतो.

५ मार्च
प्रशिक्षक बाई स्वतःही व्हीलचेअरवर. आवाज हेडमास्तरणीचा. धडा पहिला: सरळ जाणे, थांबणे. कॅमेरा बंद करून पेपर वाचला.

८ मार्च
उंबरठ्याचा धडा. झटका देऊन पुढची छोटी चाकं उचलायची, पलीकडे टेकवायची, मग पुढे झुकून मोठी चाकं ढकलायची. खुर्चीला मागे पट्टा बांधून तो मदतनिसाने धरायचा, पण ढिला. तोल गेला तरच ओढायचा. थोडक्यात, बायकोने नुसतं उभं राहायचं.

९ मार्च
चाकं ढिम्म हलेनात. फरशी फार गुळगुळीत आहे.

११ मार्च
जमलं. एका झटक्यात बाहेर. बायको मागे घामाघूम. नुसता पट्टा धरून एवढा घाम? तिला म्हटलं, जरा व्यायाम करत जा.

१३ मार्च
बाईंना सरावाचा व्हिडिओ पाठवला. म्हणतात, यात पट्टा दिसत नाही, मागच्या बाजूने शूट करून पाठवा. मागे चपलांचं कपाट आहे, मोबाइल ठेवायला जागा नाही, असं कळवलं. कटकटी बाई. माझ्याकडेही असे शिकाऊ यायचे, ब्रेक माझ्या पायाखाली आणि त्यांना वाटायचं गाडी तेच चालवतायत. कीव यायची.

१६ मार्च
बायकोने विचारलं, एकदा पट्ट्याशिवाय बघायचं का? म्हटलं, रोज जमतंय त्याची परीक्षा कसली. तिने ताणलं नाही. कामावरच्या कपड्यांना इस्त्री करत गुणगुणत होती. किती दिवसांनी ऐकलं. वर्षभर आम्ही दोघंही या घरात कोंडलेले आहोत. हे तिला बोललो नाही.

१९ मार्च, सकाळ
बायको गेली. आता कोपऱ्यावरून पेपर मी स्वतः आणणार.

दुपार
मोबाइलवर लिहितोय. पुढची चाकं कशीबशी पलीकडे गेली, पण तिथे आडवी होऊन अडकली. मोठी चाकं आतच. पुढे सरकत नाही, मागे ओढलं की खुर्ची कलंडते. शेजारच्या काकांनी विचारलं, तर हवा खातोय म्हटलं. छान सुधारणा आहे म्हणाले आणि आपल्या दाराला कुलूप लावून बाहेर गेले.

जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन. जमलं का? दारात आहे, म्हटलं. तिला वाटलं, बाहेर. इतकी खूश झाली की लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटली. मी फोन ठेवला.

चार वाजता
खुर्चीतून घसरत चाललोय. फार भीती वाटली. बायकोला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, पट्टा ओढून चाकं मीच उचलत होते, मागून ढकलतही होते, मला कामावर जायचं होतं. रडत होती. निघते म्हणाली.

काकांची वाट बघतो, तू येऊ नकोस, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.