धुक्याच्या सकाळी तुम्ही काय बोलायचात

आप्पा, मागच्या वेळी लिहिताना माझी एक चूक झाली. तुम्ही धाकटीला रोज नेवाळीच्या धावपट्टीवर न्यायचात, असं मी लिहिलं. रोज नाही. सकाळी धुकं असेल तेव्हाच न्यायचात. मत्सरापोटी मी जास्तीचे दिवस तुमच्या नावावर लावले.

अक्षरं तुम्ही आम्हा दोघी बहिणींना चुलीपाशी शिकवलीत, आणि दिवे लावणंही. विमान उतरायच्या वेळी धावपट्टीच्या कडेने तुम्ही ठेवायचात ते रॉकेलचे दिवे, लांब चोचीच्या झारीसारखे. त्यातले थोडे तुम्ही एकदा अंगणात मांडायला दिलेत. मी सुतळी धरून अंतर मोजलं, वाती सारख्या कापल्या. धाकटी मात्र परकरासकट मातीत पालथी पडली आणि एक डोळा मिटून म्हणाली, "ताईचा मधला दिवा उडी मारतोय." तिथे जमिनीला उंचवटा होता. तुम्ही हसलात. "उतरणाऱ्याला ओळ अशीच दिसते, समोरून. तो काही सुतळी घेऊन येत नाही गं," मला म्हणालात, आणि त्या हिवाळ्यात तिला बरोबर नेऊ लागलात. मी दारात उभी आहे. तुमचा कंदील आणि तिची लोकरी टोपी धुक्यात दिसेनाशी होतात. आई आतून पाणी भरायला हाक मारते. धाकटी परत यायची ती रॉकेलचा वास घेऊन, तुमचीच वाक्यं बोलत. ते मला सोसायचं नाही. अजूनही सोसत नाही.

तिचा नवरा आता सांताक्रूझच्या विमानतळावर विजेचे दिवे सांभाळतो. परवा ती कॅम्प चारच्या तिच्या घरून मुद्दाम अंबरनाथला आमच्याकडे आली. "ताई, एकदा बघायला चल ना. बटण दाबलं की अख्खी ओळ पेटते. वाती कापायला नाही लावणार तुला." मी म्हटलं, शाळेतल्या मुलींचे पेपर तपासायचेत. "मागल्या खेपेला आईचा गुडघा होता," ती म्हणाली, आणि चहा न घेताच उठली. नवऱ्याची कलकत्त्याला बदली झाली आहे, महिनाअखेरीस ते जाणार, हे तिने आईला सांगितलं. मला नाही.

मला दिवे बघायचेच नाहीत, आप्पा. त्या सकाळी वाटेने तुम्ही तिच्याशी काय बोलायचात, तेवढं हवं आहे. तुम्ही गेल्यावर ते आता फक्त तिच्यापाशी आहे. त्यात माझं नाव कधी निघायचं का, हे विचारायची भीती वाटते, म्हणून पेपर पुढे केले. पेपर कधीच तपासून झाले होते. हे पत्र कुठे टाकायचं नाही. कॅम्प चारला मी जाणार आहे, येत्या रविवारी.