ओठ दिसले पाहिजेत

कर्जत, श्रावण, १९४५

प्रिय नृसिंह,

पत्र लिहायला बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की पत्र डोक्यात सुरू होतं, असं माझं चाललंय. लढाई संपली, तू इटलीहून धडधाकट परत येणार, म्हणून घरात सगळे खुशीत आहेत. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. तेव्हा आडवळण न घेता सांगते. माघात विजीचा ताप उतरला असं आम्ही तुला कळवलं होतं. उतरला हे खरंच, पण जाताना तुझ्या लेकीचे दोन्ही कान घेऊन गेला. नगरच्या डॉक्टरांनी पाहिलं, पुण्याच्याही पाहिलं. तिला आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आबा म्हणाले, 'परमुलखात पोराच्या जिवाला घोर नगं, आला म्हंजी समजंल.' पण तू दारात उभा राहिल्यावर कळण्याची ही गोष्ट नाही. वाचता वाचता थांबू नकोस. रडण्यासारखं होतं तेवढं तुझ्या इंदूनं आणि मी रडून घेतलंय.

खरी धास्ती पुढचीच आहे. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पोर नऊ वर्षांची आहे, बोलायला शिकलेली आहे, पण स्वतःचा आवाज कानावर पडेनासा झाला की उच्चार झिजत जातात आणि एक दिवस मूल बोलणंच सोडून देतं. त्या दिवसापासून मी हात धुऊन तिच्या मागे लागले आहे. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही क कंठ्य, च तालव्य, ट मूर्धन्य असं घोकलं होतं. परीक्षेत लिहिलं, मार्क घेतले आणि विसरून गेलो. आता तीच घोकंपट्टी घेऊन मी पोरीच्या तोंडात डोकावत बसते. सगळ्यात आधी स गेला. 'अक्का, बसा' म्हणायचं तर 'अक्का, बहा' असं काहीतरी यायला लागलं. मग तिचं बोट ओलं करून माझ्या दातांसमोर धरलं. स म्हटला की त्यावर गार वारा लागतो, तसाच वारा तिच्या दातांतून यायला हवा. प, ब आणि म तर ओठांवर एकसारखेच दिसतात. म्हणून तिचा एक हात माझ्या गळ्यावर आणि एक नाकावर. ब म्हटला की गळा थरथरतो, म म्हटला की नाकही थरथरतं. फ साठी तळहातावर चिमूटभर पीठ घेते, ते उडालं तर फ, नाहीतर नुसता प. सगळं घर पिठानं माखलेलं असतं. आणि माझी जीभ आता रस्त्यानं जातानाही स्वस्थ बसत नाही, टाळू चाचपत असते. परवा पुंजारामनं मला थांबवून विचारलं, 'बाई, दाढ लई दुखती व्हय?'

ण साठी मी हट्ट धरला. तुला माझा स्वभाव माहीत आहे, वर्गात 'पानी' म्हणणाऱ्या पोरीला 'पाणी' म्हटल्याशिवाय मी खाली बसू देत नाही. ण ओठांवर दिसत नाही, म्हणून विजीची जीभ बोटानं वर वळवायला गेले, तर तिला उमासे यायला लागले. इंदू चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, 'वन्सं, पोरीला तान लागलीय. पानी म्हनली तरी द्या की.' राग आला मला, पण दिलं. आता विजीनं खणखणीत 'पानी' म्हटलं तरी मला बरं वाटतं. माझ्या वर्गातल्या पोरींना हे कळू देऊ नये म्हणजे झालं.

बोलण्याचं हे असं. आणि समोरचा काय बोलतो ते ती ओठांवरून ओळखते. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तीच शिकली. इंदूचं तर ती अंगणाच्या त्या टोकावरूनही ओळखते. पण यातच एक गोम आहे. ज्याचं बोलणं तिला ओळखता येत नाही, त्याच्याशी ती बोलतच नाही. मान खाली घालते आणि निघून जाते. आबांशी तिनं उन्हाळाभर एक शब्द काढला नाही. ज्या पोरीनं एरवी पायात येऊन त्यांना कधी धड चालू दिलं नाही, ती त्यांना पाहून वळणावरूनच माघारी जायची. आबा मोठ्यानं ओरडून बघायचे, मग स्वतःवरच चिडायचे. मी एकदा त्यांच्यासमोर बसून नीट पाहिलं, तर वरचा ओठ दिसतच नाही. नाकाखालपासून खालच्या ओठापर्यंत नुसती मिशी. बोलायची छाती झाली नाही, कारण आपल्याकडे आई-बाप किंवा पोटचं कुणी गेल्याशिवाय मिशीला वस्तरा लागत नाही, हे तुला मी सांगायला नको.

पण त्यांनीच विचारलं, 'दमे, काय बघतीस?' मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कानिफनाथ न्हाव्याला बोलावलं. तो वस्तरा हातात घेऊन नुसता उभा. 'आबासाहेब, कोन गेलं?' आबा म्हणाले, 'कोनी गेलं न्हाई. नात बोलायची हाय. चालीव हात.' ही बातमी कानिफनाथ घरी पोचायच्या आत गावभर झाली. शेजारची बनुबाई पदर तोंडाला लावून आली आणि तिनं तुझ्या नावानं हंबरडाच फोडला. नृसिंह, त्या घडीला इंदूचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. मी धावले, तुझं परवाचं पत्र तिच्यापुढे नाचवलं, बनुबाईला दंडाला धरून बाहेर काढलं, तरी इंदूनं दुपारपर्यंत ते पत्र हातातून खाली ठेवलं नाही. या सगळ्या गोंधळात विजी कधी आबांपुढे जाऊन बसली, कुणाच्या लक्षात आलं नाही. आबांनी काहीतरी विचारलं. ती त्यांच्या उघड्या पडलेल्या ओठांकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'जेवले मी. तुमी?'

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. काल विजी पलटणीतला तुझा फोटो घेऊन खिडकीशी गेली होती. बराच वेळ उजेडात धरून बघत होती. मग मला विचारलं, 'अक्का, बाबांचे ओठ कुटं हायत?' पीळ दिलेल्या त्या मिशीवर तुझा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे, आणि बाप जिवंत असताना हे मागणं म्हणजे काय, तेही ठाऊक आहे. मी लिहिणार नव्हते. पण आबांनी ऐकलं आणि म्हणाले, 'लिव्ह त्याला. बाप जिता हाय, आन बापाचाच हुकूम हाय. मिशी उतरवून मग काष्टीच्या ठेसनावर उतर म्हनावं.' तेव्हा तसा ये. ओरडू नकोस, उजेडाकडे तोंड करून उभा राहा आणि नेहमीसारखं बोल. ती उत्तर देईल. फक्त वाटेत कुठे रेंगाळू नकोस. या आठवड्यापासून तिचा र डळमळायला लागलाय.

तुझीच,
अक्का